स्वसंरक्षण नेमकं कुठे संपतं?

लंडन शहराला बाहेरून वळसा घालणारा एम-२५ नावाचा रस्ता आहे. लांबी सुमारे १८८ किलोमीटर. १९८६ साली तो पूर्ण झाला आणि तेव्हापासून लोक त्याच्यावरच्या गर्दीला शिव्या घालत आले. (तिकडे राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांना हे वेगळं सांगायला नको!) १९ मे १९९६ ला, रविवारी दुपारी, या रस्त्यालगत केंट परगण्यातल्या स्वॉनली इथे दोन गाड्या एकमेकींजवळ थांबल्या. एक छोटी लाल व्हॅन. ती चालवत होती सतरा वर्षांची एक मुलगी आणि शेजारी बसला होता तिचा होणारा नवरा, स्टीफन कॅमेरॉन, वय एकवीस. दुसरी लँड रोव्हर. तिच्यात केनेथ नॉय नावाचा अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस.

भांडण गाडी चालवण्यावरून झालं. अशी भांडणं आपण रोज बघतो. दोघे पुरुष खाली उतरले, हातघाईवर आले. मग नॉयच्या हातात चाकू दिसला. दोन वार झाले, एक हृदयात आणि एक यकृतात. नॉय गाडीत बसून निघून गेला. कॅमेरॉन त्या मुलीच्या डोळ्यांदेखत गेला.

'रोड रेज' हा शब्द अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या शेवटी शेवटी रुळला, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर इंग्लंडच्या वर्तमानपत्रांना तो फार आवडायला लागला होता. ही बातमी त्याच शब्दाखाली छापली गेली. मला तो शब्द फारसा पटत नाही. 'संताप' म्हटलं की वाटतं, माणसावर काहीतरी बाहेरून येऊन कोसळलं. दार उघडून खाली उतरणं मात्र माणूस स्वतः करतो.

आता नॉयविषयी. हा साधासुधा गाडीवाला नव्हता. १९८३ साली हीथ्रो विमानतळाजवळच्या ब्रिंक्स-मॅटच्या गोदामातून सुमारे २६ दशलक्ष पौंडांचं सोनं लुटलं गेलं. त्या सोन्याचा माग काढत पोलीस नॉयच्या केंटमधल्या घरापर्यंत पोचले होते. जानेवारी १९८५ मध्ये एका रात्री जॉन फोर्डम नावाचा पोलीस कर्मचारी तोंड झाकून त्याच्या आवारात पाळत ठेवून होता. कुत्र्यांनी त्याला हुडकलं, नॉय बाहेर आला आणि त्याने त्याला चाकूने भोसकून मारलं. कोर्टात त्याचं म्हणणं असं की अंधारात, माझ्याच बागेत, तोंड झाकलेला माणूस अचानक समोर आला, मी जीव वाचवण्यासाठी वार केले. ज्यूरीने ते मानलं आणि डिसेंबर १९८५ मध्ये तो खुनाच्या आरोपातून सुटला. (सोन्याच्या प्रकरणात पुढच्या वर्षी त्याला चौदा वर्षांची शिक्षा झाली. १९९४ मध्ये बाहेर आला.)

या निकालावर पुष्कळ लोक आजही चिडतात. मी थोडा वेगळा विचार करतो. त्या रात्री त्याला मागे हटायला जागा किती होती, समोरचा कोण हे कळायला वाव किती होता, हे प्रश्न खरे होते. माणूस वाईट म्हणून त्याचा स्वसंरक्षणाचा हक्क नाहीसा होत नाही.

या हक्काचा इतिहासही मजेशीर आहे. जुन्या इंग्लंडमध्ये अचानक उसळलेल्या मारामारीत सापडलेल्या माणसाने आधी मागे हटायचं, हटत हटत पाठ भिंतीला लागली की मगच मारायचं. तरी समोरचा मेला तर राजाकडून माफी घ्यावी लागे आणि मालमत्ता सरकारजमा होण्याचा धोका! ही जप्तीची तरतूद थेट १८२८ पर्यंत होती. १९६७च्या कायद्याने 'परिस्थितीत वाजवी असेल तेवढं बळ' ही कसोटी गुन्हा रोखण्यासाठी लिहून ठेवली, आणि स्वसंरक्षणालाही तीच मोजपट्टी लागू लागली. मागे हटणं सक्तीचं उरलं नाही. पण तो माणूस सहज निघून जाऊ शकत होता का, हे ज्यूरीने अजूनही बघायचं असतं.

स्वॉनलीला नेमकं इथेच सगळं बिनसतं. बागेत भिंत असते, अंधार असतो. रस्त्यावर मात्र तुमच्या बुडाखाली चार चाकं असतात. काच वर करायची आणि जायचं.

नॉय लगेच देशाबाहेर पळाला. ऑगस्ट १९९८ मध्ये तो स्पेनमध्ये सापडला. त्याला ओळखायला पोलिसांनी त्या मुलीला गुपचूप तिकडे नेलं. एका रेस्टॉरंटमध्ये बसलेल्या माणसाकडे बघून तिने सांगितलं, हाच तो. २००० साली ओल्ड बेली कोर्टात खटला चालला. वार केल्याचं नॉयने नाकारलं नाही. पुन्हा स्वसंरक्षण. कॅमेरॉन तरुण, ताकदवान, मी मार खात होतो, भीती वाटली. सरकार पक्षाचं म्हणणं, मारामारीत हरतोय हे सहन न झाल्याने चाकू निघाला. १४ एप्रिलला ज्यूरीने अकरा विरुद्ध एक असा निकाल दिला. खून. जन्मठेप.

यात मला एक अडचण दिसते आणि ती नॉयपुरती नाही. इंग्लंडमध्ये स्वसंरक्षण हे सगळं किंवा काहीच नाही अशा धर्तीचं आहे. बळ वाजवी ठरलं तर निर्दोष, जास्त ठरलं तर खुनी. ली क्लेग या सैनिकाने १९९० मध्ये बेलफास्टजवळ नाक्यावरून सुसाट गेलेल्या चोरीच्या गाडीवर चार गोळ्या झाडल्या. पहिल्या तीन चालल्या. चौथी गाडी पुढे निघून गेल्यावर, म्हणजे धोका टळल्यावर झाडली असं कोर्टाला वाटलं, आणि तेवढ्यावर १९९५ मध्ये सर्वोच्च पातळीवरही खुनाचा निकाल कायम राहिला. (नव्या पुराव्यानंतर फेरखटला होऊन १९९९ मध्ये तो खुनाच्या आरोपातून सुटला.)

मेकॉलेचा मसुदा पुढे ठेवून १८६० साली झालेल्या आपल्या दंडसंहितेने इथे मधली पायरी ठेवली होती. बचावाचा हक्क खरा, पण सद्भावनेने त्याची मर्यादा ओलांडली गेली, तर तो खून नाही, सदोष मनुष्यवध. सोबत दोन सक्त बंधनंही होती. गरजेपेक्षा जास्त इजा नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हक्कच नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हे सारं जवळजवळ तसंच आलं आहे. एका शेतजमिनीच्या भांडणातल्या निकालात आपल्या साताऱ्याच्या गजेंद्रगडकरांनी सर्वोच्च न्यायालयात १९६२ मध्ये मांडलं होतं की भीतीचं कारण संपलं की हा हक्कही संपतो. आपल्या नाक्यावर भांडण झालं की जमलेले लोक विचारतात, पहिला हात कोणी उगारला? कायद्याला त्याच्यापेक्षा शेवटचा हात कधी पडला यात जास्त रस आहे.

नॉयच्या ज्यूरीपुढे ही मधली पायरी असती तरी मला वाटतं निकाल फारसा हलला नसता. हातापायांच्या मारामारीला त्याने चाकूने उत्तर दिलं होतं, आणि मागे उभी गाडी होती. पुढची दोन्ही अपिलं फेटाळली गेली. २०१९ मध्ये तो सुटला तेव्हा बहात्तर वर्षांचा होता. कॅमेरॉन असता तर चव्वेचाळीसचा झाला असता. साक्ष दिलेल्या त्या मुलीला नवं नाव आणि नवं गाव घेऊन राहावं लागलं. मूळ नावाने पूर्वीच्या माणसांत तिला परत जाता आलं नाही.