आधी मैदान, मग संघ : चेल्सीच्या जन्माची कथा

१/ १० मार्च १९०५. लंडनच्या फुलहॅम रोडवरील ‘रायझिंग सन’ या मद्यगृहात काही मंडळी जमली आणि त्यांनी एक फुटबॉल क्लब स्थापन केला. त्या दिवशी क्लबकडे ना खेळाडू होते, ना एकाही सामन्याचा अनुभव. तरीही सहा महिन्यांच्या आत तो इंग्लंडच्या राष्ट्रीय लीगमध्ये उतरला. हे कसे घडले, त्याचा हा थ्रेड.

२/ इंग्लंडमधील जुन्या क्लबांचा क्रम सहसा ठरलेला असे : आधी माणसे, मग मैदान. वूलविचच्या शस्त्रनिर्मिती कारखान्यातील कामगारांनी १८८६ मध्ये उभा केलेला संघ पुढे आर्सेनल झाला. न्यूटन हीथच्या रेल्वे कामगारांच्या संघातून मँचेस्टर युनायटेड आकाराला आला. चेल्सीच्या बाबतीत हा क्रम उलटा होता.

३/ स्टॅम्फर्ड ब्रिज हे मैदान १८७७ पासून धावण्याच्या शर्यतींसाठी प्रसिद्ध होते. बांधकाम व्यावसायिक गस मिअर्स आणि त्याचा भाऊ जोसेफ यांना तेथे देशातील उत्तम फुटबॉल मैदान उभारायचे होते. १९०४ मध्ये जागा त्यांच्या हाती आली. तिथे खेळायला मात्र कोणीच नव्हते.

४/ शेजारच्या फुलहॅम क्लबाने भाडेकरू म्हणून येण्यास नकार दिला. इकडे ग्रेट वेस्टर्न रेल्वेला कोळसा साठवण्यासाठी हीच जागा हवी होती. मिअर्स विकण्याच्या बेतात आला. त्याचा सहकारी फ्रेडरिक पार्कर त्याला परोपरीने समजावत होता, पण मिअर्स बधत नव्हता.

५/ पुढचा प्रसंग पार्करनेच सांगितलेला आहे. बोलत चालले असता मिअर्सच्या कुत्र्याने पार्करच्या पायाला कडकडून चावा घेतला. पार्करने तो इतक्या शांतपणे सोसला की, अशा माणसाच्या शब्दावर विसंबायला हरकत नाही, असे मिअर्सला वाटले. विक्री रद्द झाली. कथेला थोडे मीठमसाला लागले असेल, पण मैदान वाचले हे खरे.

६/ भाडेकरू मिळत नसेल तर क्लबच काढावा, असे ठरले. स्टेडियमची रचना प्रख्यात आर्चिबाल्ड लीच याने केली आणि पूर्वेकडे ५,००० आसनांचा स्टँड उभा राहिला. नावासाठी ‘लंडन’, ‘केन्सिंग्टन’ आणि ‘स्टॅम्फर्ड ब्रिज’ यांचा विचार झाला. अखेर शेजारच्या भागाचे ‘चेल्सी’ हे नाव पक्के झाले. मैदान मात्र तेव्हाही फुलहॅममध्येच होते, आजही आहे!

७/ आता लीग हवी. दक्षिणेतील क्लबांची सदर्न लीग ही स्वाभाविक निवड होती. पण तिथे फुलहॅम आणि टॉटनहॅम आधीपासून होते. नवा शेजारी त्यांना नको होता. दार बंद झाले. मग चेल्सीने थेट फुटबॉल लीगचे दार ठोठावले.

८/ इथे वेळ महत्त्वाची ठरली. १८८८ मध्ये १२ क्लबांनी सुरू केलेली फुटबॉल लीग मुख्यतः उत्तर आणि मध्य इंग्लंडची होती. १९०५ पर्यंत लंडनचा एकच क्लब तिच्यात होता : वूलविच आर्सेनल. राजधानीवाचून लीग ‘राष्ट्रीय’ कशी म्हणवणार? त्याच वर्षी लीग ३६ क्लबांवरून ४० वर जाणार होती. चेल्सीला लीग हवी होती, तसे लीगलाही लंडन हवे होते.

९/ तयारीही कसून झाली. ग्लासगो रेंजर्सचा जॉन टेट रॉबर्टसन खेळाडू-व्यवस्थापक झाला. गोलरक्षक आणि कर्णधार म्हणून आला सव्वाशे किलोंहून अधिक वजनाचा विल्यम फोक. शेफील्ड युनायटेडकडून तो अवघ्या ५० पौंडांत मिळाला. त्याला पाहण्यासाठीच लोक येतील, हा हिशेब त्यामागे असावा.

१०/ २९ मे १९०५ रोजी लीगच्या वार्षिक सभेत पार्करने बाजू मांडली. पूर्वपराक्रम सांगण्यासारखा नव्हताच. त्याने मैदान, आर्थिक स्थिती आणि करारबद्ध खेळाडू या तीन गोष्टी पुढे ठेवल्या. मतदान झाले आणि एकही सामना न खेळलेला क्लब दुसऱ्या श्रेणीत दाखल झाला.

११/ २ सप्टेंबरला स्टॉकपोर्ट येथे पहिला सामना झाला आणि चेल्सी ०-१ ने हरली. ११ सप्टेंबरला घरच्या मैदानावरील पहिल्या लीग सामन्यात हल सिटीवर ५-१ असा विजय मिळाला. हंगामाअखेर संघ तिसरा आला, तर १९०७ मध्ये पहिल्या श्रेणीत पोहोचला. एप्रिल १९०६ मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या सामन्याला तब्बल ६७,००० प्रेक्षक आल्याची नोंद आहे.

१२/ मग पैसा आणि मैदान असले की क्लब जगतो, असे म्हणावे का? नाही. पूर्व लंडनमधील थेम्स असोसिएशन क्लब पाहा. श्वानशर्यती व मोटारसायकल शर्यतींच्या प्रचंड स्टेडियमचा आणखी उपयोग व्हावा म्हणून १९२८ मध्ये तो स्थापन झाला. १९३० मध्ये त्याला लीगमध्ये प्रवेशही मिळाला.

१३/ ६ डिसेंबर १९३० रोजी ल्यूटनविरुद्धच्या त्याच्या सामन्याला केवळ ४६९ प्रेक्षक आले. १९३२ मध्ये क्लब संपला. कृती तीच, मग फरक कशाचा? थेम्सच्या आसपास वेस्ट हॅम, मिलवॉल, चार्लटन आणि ओरिएंट आधीच रुजलेले होते. १९०५ च्या पश्चिम लंडनमध्ये फुटबॉल लीगचा एकही क्लब नव्हता. चेल्सीचे प्रेक्षक क्लबाच्या आधीपासून तिथे होते, त्यांना संघ तेवढा नव्हता.

१४/ ट्रॉफीमुळे ते टिकले असेही नाही. चेल्सीने पहिले लीग विजेतेपद १९५५ मध्ये मिळवले, म्हणजे स्थापनेनंतर ५० वर्षांनी! ते पाहायला गस मिअर्स नव्हता, १९१२ मध्येच तो वारला होता. त्या पन्नास वर्षांत चेल्सीजवळ होती ती माणसे, दर आठवड्याला मैदानावर परत येणारी.

१५/ २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा तिचे आठही क्लब नवे होते. ‘कागदी क्लब’ म्हणून त्यांची थट्टा झाली. त्यांपैकी पुणे सिटी २०१९ मध्ये लीगमधून गेला. केरळ ब्लास्टर्सने तीन अंतिम सामने गमावले, तरी कोचीच्या गॅलऱ्यांतील पिवळी गर्दी ओसरली नाही.

१६/ क्लब कागदावर जन्मला म्हणून हिणवण्याचे कारण नाही, चेल्सीही तशीच जन्मली. मात्र लीगमधली जागा सभेतल्या मतांनी मिळते, शहरातली जागा वडिलांचे बोट धरून सामन्याला आलेल्या मुलाने पुढे आपल्या मुलाला तिथे आणले, की मिळते. नव्या क्लबाची खरी तयारी त्या दुसऱ्या जागेसाठी असते.