घेराच्या आत काय होतं? एका गाऊनची शिलाई आणि तिचा इतिहास

संग्रहालयात काचेमागचा गाऊन आपण बघतो तो बाहेरून. आज तो आतून बघू या. एका नाटकासाठी आम्ही काही जणांनी १८५८च्या सुमाराचा इंग्लिश पद्धतीचा गाऊन शिवायला घेतला, त्यातून जे उमगलं ते सांगतो.

सुरुवातीलाच चुकलो. कमरेपासून जमिनीपर्यंत माप घेतलं आणि हौसेनं घागरा कापून टाकला. मग आत कड्यांचा सांगाडा चढवला, तर पुढची कड वीतभर वर! कापड आता सरळ खाली येत नव्हतं, घुमटावरून उतरत होतं. म्हणजे त्या काळचा पोशाख आतून बाहेर रचावा लागतो: आधी कॉर्सेट, मग सांगाडा, त्यावर परकर, आणि मगच माप.

हा सांगाडा म्हणजे क्रिनोलिन. फ्रेंचमध्ये 'क्रँ' म्हणजे घोड्याचा केस. पूर्वी घेर फुलवायला घोड्याच्या केसांचे ताठ परकर आणि त्यांवर आणखी परकर चढवत. १८५६ मध्ये पॅरिसमध्ये पोलादी कड्यांच्या पिंजऱ्याचं पेटंट निघालं. आज आपल्याला तो तुरुंग वाटतो. पण परकरांचं ओझं उतरून पाय मोकळे झाले, म्हणून पुष्कळ बायकांना तो सुटका वाटला. धोकाही होता. शेकोटीजवळ घेर कधी पेटला ते कळतही नसे.

आता हिशोब बघा. आमच्या कापडाचा पन्हा ११० सेंटीमीटर. चार सरळ पट्ट्या जोडल्या, शिवणी वजा जाता घेर सव्वाचार मीटरच्या वर. कंबर ६८ सेंटीमीटर. म्हणजे सहा पट कापड कमरेत बसवायचं! कळ्या कापायच्या नाहीत. बारीक चुण्या हातानं ओढायच्या आणि प्रत्येक चुणी कंबरपट्टीला टाचायची. लांबीचा फरकही खाली नाही, वर कमरेतच मारायचा. चोळी आधी मांजरपाटात बेतून पाहिली, म्हणून ती तरी वाचली. बाह्या धरून कापड लागलं आठ मीटर, जवळजवळ नऊवारीइतकं!

सिंगरच्या शिलाई यंत्राचं पेटंट १८५१चं. लांब शिवणी यंत्रावर होत, चुण्या हातानंच. आमच्यातल्या दोघींच्या दोन संध्याकाळी त्यात गेल्या, बोटं सोलली. मग प्रश्न पडला, हे काम रोज कोण करत होतं?

१८६३ च्या जूनमध्ये लंडनमध्ये मेरी ॲन वॉकली नावाची वीस वर्षांची शिवणकरीण मरण पावली. राजघराण्यातल्या नव्या सुनेच्या सन्मानार्थ होणाऱ्या नृत्यसमारंभाचे पोशाख तयार करायचे होते. साठ मुलींबरोबर ती सलग साडेसव्वीस तास काम करत होती, कोंदट खोल्यांत. वर्तमानपत्रांत गाजलेली ही घटना पुढं मार्क्सनं 'भांडवल'मध्ये नोंदवली. गाऊन ज्यांनी मिरवला त्यांची तैलचित्रं आहेत. जिनं शिवला तिचं नाव आपल्यापर्यंत आलं, ते ती मेली म्हणून.

आमचा गाऊन रंगमंचावर दहा मिनिटं दिसला. नंतर आम्ही तो उलटा करून टांगून ठेवला. येणारा प्रत्येक जण आधी त्या चुण्यांना हात लावतो. इतिहासाचा हा कागद नाही, पण वाचता येतो. फक्त आतली बाजू बघायची सवय हवी.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.