स्फिंक्सच्या नांवाचें द्रव्य

इ. स. १८८४ मध्यें लंडन येथें मेंदूच्या रासायनिक घटनेवर एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथकार थूडिकम हा जन्मानें जर्मन, गीसेन येथें लीबिगच्या प्रयोगशाळेंत तयार झालेला आणि १८५३ पासून लंडनमध्यें वैद्यकी करणारा गृहस्थ. बैलांचे मेंदू आणावे, ते मद्यार्कांत कढवावे, निवळींतून जें जें खालीं बसेल तें वेगळें काढून पुन्हां विरघळवावें व पुन्हां गाळावें, हा त्याचा अनेक वर्षांचा उद्योग. या उद्योगांत त्याला कांहीं स्निग्ध द्रव्यें अशीं सांपडलीं कीं, ज्यांच्या अंगीं शर्करा जोडलेली होती. त्यांच्या घटकांपैकीं एक तर इतका गूढ निघाला कीं, कोडीं घालणाऱ्या ग्रीक स्फिंक्सवरून त्यानें त्याचें नांव स्फिंगोसीन असें ठेविलें. आज ज्यांस ग्लायकोलिपिड म्हणतात त्या शर्करायुक्त स्निग्ध द्रव्यांच्या अभ्यासाचा हा आरंभच म्हणावयाचा.

परंतु थूडिकमच्या वांट्यास मान आला नाहीं. मेंदूंत ‘प्रोटॅगॉन’ नांवाचें एकच विशाल द्रव्य आहे, असें लीब्राइखनें १८६५ त सांगितलें होतें, व गॅमजीसारखे पंडित त्या मताचे कैवारी होते. थूडिकम म्हणे, हें एक द्रव्य नव्हे, मिसळ आहे. १९०१ त तो वारला. रोझेनहाइमच्या प्रयोगांनीं त्याचें म्हणणें खरें ठरलें तें त्यानंतर. (या कजाग वादपटूनें पाकशास्त्रावर आणि द्राक्षमद्यावरही जाडजूड ग्रंथ लिहिले आहेत. मद्यार्काशीं त्याचा स्नेह केवळ प्रयोगशाळेपुरता नव्हता असें दिसतें!)

द्रव्य कोणतें, हें कळल्यानें मात्र कोडें सुटलें नव्हतें. तें कोठें घडतें, कोठें जातें आणि शेवटीं त्याचें काय होतें, हा प्रश्न उरलाच होता. आणि तो विचारावयास लावलें लहान मुलांच्या मरणानें. १८८१ मध्यें लंडनचा नेत्रवैद्य वॉरन टे याला एका अर्भकाच्या नेत्रपटलावर चेरीसारखा लाल ठिपका दिसला. १८८७ त न्यूयॉर्कच्या बर्नार्ड सॅक्सनें त्याच रोगाचें वर्णन केलें. जन्मतः सुदृढ दिसणारें मूल सहा महिन्यांच्या सुमारास मंद होऊं लागे, बसावयाचें विसरे, आंधळें होई, आणि बहुधा पांच वर्षांच्या आंत जाई. अशा मुलांच्या मेंदूंत एक शर्करायुक्त स्निग्ध द्रव्य सांचून राहिलेलें कोलोनच्या एर्न्स्ट क्लेंकला आढळलें. अशा द्रव्यांस त्यानें १९४२ त गँग्लिओसाइड हें नांव दिलें. पण तें सांचत कां होतें?

उत्तरासाठीं पेशीच्या अंतरंगांत शिरावें लागलें. १८९८ त पाव्हिया येथें कामिल्लो गॉल्जीनें मज्जापेशींत एक काळसर जाळी पाहिली होती. कित्येकांनीं तिला रंगाचा भ्रम ठरविलें, आणि १९५४ च्या सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें चपट्या पिशव्यांची ती चळत स्पष्ट दाखविली तेव्हांच तो वाद मिटला. आज असें समजलें आहे कीं, सेरामाइड हा या द्रव्यांचा पाया पेशींतील आंतरजालांत तयार होतो व गॉल्जीकडे येतो. तेथें पिशवीच्या बाहेरील अंगास त्याला ग्लूकोज जोडलें जातें. पुढील शर्करा मात्र पिशवीच्या आंत जोडावयाच्या असतात, म्हणून हा अर्धा घडलेला कण पटलाच्या एका अंगावरून दुसऱ्या अंगास उलटावा लागतो! शिवाय स्निग्ध पदार्थ पाण्यांत मिसळत नाहीं. तेव्हां कांहीं कण सूक्ष्म पुटिकांतून जातात, तर कांहींस प्रोटीनरूपी हमाल उचलून नेतात. सेरामाइड नेणारा हमाल जपानांत हानादा व त्याच्या सहकाऱ्यांनीं २००३ त हुडकला; ग्लूकोज जोडलेला कण नेणारा दुसरा इटालींत २००७ त सांपडला. तयार झालेलें गँग्लिओसाइड पेशीच्या बाह्य पटलावर जाऊन बसतें, आणि जुनें झालें म्हणजे परत आंत ओढलें जाऊन लायसोसोममध्यें एकेक शर्करा तोडून मोडलें जातें. ही मोडीची जागा बेल्जियमच्या द दुव्हनें १९५५ त नामनिर्दिष्ट केली. टे-सॅक्सच्या मुलांत त्या मोडणींतील एक एंझाइम नसतें, असें ओकाडा व ओब्रायन यांनीं १९६९ त दाखविलें. घडण चालूच, मोड मात्र बंद. म्हणून तो सांचा.

हीच वाट शत्रूसही ठाऊक आहे. पटकीचें विष जंतूंनीं सोडलेलें स्वतंत्र द्रव्य आहे, हें कलकत्त्याच्या शंभुनाथ दे यांनीं सशांच्या आंतड्यांवर प्रयोग करून १९५९ त सिद्ध केलें. तें विष आंतड्याच्या पेशीवरील एका गँग्लिओसाइडला चिकटतें आणि उलट वाटेनें गॉल्जीतून आंतरजालापर्यंत पोंचतें, हें पुढें उमगलें. या शोधासाठीं दे यांस जिवंतपणीं मिळावयास हवा होता तेवढा गौरव मिळाला नाहीं, असें आम्हांस वाटतें.

गोशेच्या रोगांत अशीच मोडणी अडते. तेथें प्लीहा व यकृत फुगतात. त्यांतील उणें एंझाइम रॉस्को ब्रेडी यांनीं १९६५ त ओळखलें, व तें टोंचून देण्याचा उपाय अमेरिकेंत १९९१ त मान्य झाला. प्लीहा त्यानें उतरते. रक्तांतून दिलेलें असें एंझाइम मेंदूंत मात्र शिरत नाहीं. म्हणून टे-सॅक्सच्या मुलांस त्या मार्गाचा उपयोग अद्यापि झालेला नाहीं.