आधी मर्यादा, मग वेग

गेमिंग लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डाचा वेग ओव्हरक्लॉक करून वाढवला आणि खेळ सुरळीत होण्याऐवजी अडखळू लागला, की बहुतेकांचा पहिला संशय चिपवर जातो. दोष बहुधा चिपचा नसतो. त्या कार्डाने किती वीज ओढायची हे उत्पादकाने आधीच ठरवून दिलेले असते. ‘आरटीएक्स ४०९०’ हे कार्ड डेस्कटॉपमध्ये ४५० वॅटपर्यंत जाते. त्याच नावाच्या लॅपटॉपमधल्या कार्डाला ८० ते १५० वॅटांत भागवावे लागते. चिपला लागणारी वीज वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. त्यामुळे थोडासा जास्तीचा वेगही वीज भराभर खातो, आणि ठरलेला आकडा गाठताच कार्ड आपणहून वेग उतरवते. म्हणून मंदावलेल्या यंत्राकडे पाहताना आधी शक्तीची मर्यादा शोधावी आणि वेगाचा विचार मागाहून करावा. ही पद्धत संगणकाच्या जन्माआधीच वापरात होती. तिचा सर्वांत स्वच्छ दाखला वर्धा जिल्ह्यातल्या चरख्याच्या इतिहासात सापडतो, असे माझे मत आहे.

१९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. अटी नीट वाचल्या तर त्यांत अपेक्षेइतकेच बंधनांनाही वजन दिलेले दिसते. आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० वार सूत निघावे, ही अपेक्षा. चरखा हलका असावा, खेड्यातल्या साध्या घरात हाताने किंवा पायाने चालावा, एका बाईला तो आठ तास फार श्रम न होता चालवता यावा, किंमत १५० रुपयांच्या आत असावी आणि तो वीस वर्षे टिकावा, ही बंधने. शक्तीचा उगम, त्याची मर्यादा आणि कामाचे तास, तिन्ही आधीच कागदावर होते. धडधाकट माणूस दिवसभर सलग काम करताना सरासरी सुमारे ७५ वॅटच देऊ शकतो, आणि तेही पायांनी. हातांची ताकद याहून कमीच पडते.

आता गणित करून पाहू. आठ तासांत १६,००० वार म्हणजे तासाला २,००० वार, म्हणजे ७२,००० इंच. सोळा नंबरच्या सुताला इंचाला साधारण १६ पीळ लागतात. एकाच चातीने हे काम करायचे तर तिला मिनिटाला १९,२०० फेरे घ्यावे लागतील. लाकडी चाक, दोऱ्याची माळ आणि साधी लोखंडी चाती यांना हा वेग झेपणे शक्यच नाही. झेपला असता तरी घर्षण आणि हवेचा अडथळा वेगाबरोबर इतका वाढतो की बाईचे श्रम सुतात न जाता उष्णतेत जातील. चातीचा वेग वाढवणे हा मार्ग बंद होता. चात्या वाढवून प्रत्येकीचा वेग आवाक्यात ठेवणे हाच मार्ग उरला. प्रभुदास गांधींचा मगन चरखा याच दिशेचा: पाय चाकाला शक्ती देतात, दोन्ही हात मोकळे राहतात आणि दोन चात्या चालतात. एकंबरनाथन यांचा अंबर चरखा पुढे चार चात्यांवर गेला आणि १९५५ च्या कर्वे समितीने त्याला ग्रामोद्योगाच्या योजनेत जागा दिली. भारतानंद, म्हणजे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रिडमन, उलट टोकाला गेले. त्यांची धनुष तकली जवळजवळ काहीच शक्ती मागत नाही. लॅपटॉपची चिपही चात्या वाढवण्याचाच हिशेब करते. गाभे पुष्कळ, प्रत्येकाचा वेग बेताचा.

ते बक्षीस कुणालाच मिळाले नाही. याला अपयश म्हणणे सोपे आहे, पण मला ते पटत नाही. किर्लोस्करवाडीसारख्या यंत्रकुशल ठिकाणाहूनही नमुने आले. अट मात्र सैल झाली नाही. वेगाचा आकडा गाठण्यासाठी कातणारीचे श्रम वाढवणे संघाला मान्य नव्हते. १९३५ मध्ये संघाने आठ तासांच्या कताईला निर्वाहापुरती मजुरी हे तत्त्व स्वीकारले आणि त्याच सुमारास वर्ध्याजवळ नालवाडीत विनोबा कताईच्या मजुरीवर जगता येते का हे स्वतःच्या शरीरावर तपासत होते. मर्यादा कुठे आहे हे मोजायला माणूस स्वतः चरख्यावर बसला, याहून प्रामाणिक चाचणी मला माहीत नाही.

यावर आक्षेप येईल की गिरणीने हा प्रश्न कधीच सोडवला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच हिंगणघाट आणि पुलगावला गिरण्या धूर सोडत होत्या. हे खरे आहे. पण गिरणीने मर्यादा काढून टाकली नाही, ती बॉयलरमध्ये आणि कोळशाच्या वाघिणीत नेऊन ठेवली. तिथे वाफेचा दाब कमी पडला की शेकडो चात्या एकदम मंदावत. आज सौर चरख्यातही तसेच घडते: पायाची जागा मोटरने घेतली, की मर्यादा पॅनेलच्या वॅटांवर आणि बॅटरीवर जाते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कातणाऱ्या बाईची मर्यादा निसर्गाची होती, लॅपटॉपची कंपनीने लादलेली. मग ती का मानावी? काही अंशी हे खरेच आहे. एकाच नावाचे कार्ड एका लॅपटॉपमध्ये ८० वॅटवर चालते आणि दुसऱ्यात १५० वर, आणि ग्राहकाला ते कळत नसे. २०२१ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉप उत्पादकांना हे वॅट जाहीर करायला सांगितले. चरखा संघाने १९२९ मध्ये सगळे आकडे आधी छापले होते, आणि इथेच मला त्या जुन्या कागदाची थोरवी दिसते. पण जाहीर असो वा नसो, त्या आकड्यामागे खऱ्या गोष्टी असतात: चार्जरची ताकद, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाने वाटून घेतलेल्या उष्णतानळ्या, आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर जाणारी वर्ध्याची हवा. म्हणून शोधही त्याच क्रमाने घ्यावा. लॅपटॉप बॅटरीवर आहे का, चार्जर मूळचाच आहे का, हे आधी पाहावे. मग जीपीयू-झेडसारख्या साधनात कार्ड का थांबते याचे कारण वाचावे: वीज, उष्णता की व्होल्टेज. उष्णता असेल तर पंख्यातली धूळ आणि सुकलेली थर्मल पेस्ट पाहावी. वीज असेल तर क्लॉक आणखी वर ढकलण्यात अर्थ नाही. आफ्टरबर्नर या साधनात त्याच वेगासाठी व्होल्टेज पायरी-पायरीने खाली आणावे आणि प्रत्येक पायरीवर तासभर खेळून स्थिरता पाहावी. तेवढ्याच वॅटांत बहुधा काही मेगाहर्ट्झ जास्त मिळतात.