उताऱ्याचं इन्शुलिन

रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन अंधेरीपासून मुलुंडपर्यंत असंख्य घरांत असते. कुणी ती मूठभर गिळली आणि प्रकृती ढासळली, तर अतिदक्षता विभागात आज इन्शुलिन देतात. मात्रा मधुमेहातल्या मात्रेच्या कितीतरी पट: वजनाच्या दर किलोला आधी १ युनिट, मग तासाला १ ते १०. सोबत ग्लुकोज, आणि साखर-पोटॅशियमवर सतत नजर. या उपचाराचं कूळ शोधत गेलो आणि गाठ पडली ती विंचवाशी.

रूढ वंशावळ सरळ आहे. १९२१ साली टोरोंटोत इन्शुलिन सापडलं. १९९३ साली अमेरिकेत जेफ्री क्लाइन यांनी याच गटातल्या व्हेरापामिलची विषबाधा केलेल्या कुत्र्यांवर ते सरस ठरवलं. १९९९ साली माणसांवरचे अनुभव छापून आले. पण १९९१ सालीच मुंबईचे के. राधाकृष्ण मूर्ती आणि सहकाऱ्यांनी लाल विंचू चावलेल्या मुलांबद्दल लिहिलं होतं: इन्शुलिनने बिघडलेलं रक्ताभिसरण सावरतं, फुफ्फुसांतलं पाणी ओसरतं.

ही दोन विषं वरवर वेगळी. विंचवाच्या विषाने अ‍ॅड्रेनलिनचा पूर येतो. या गोळ्या पेशीत शिरणाऱ्या कॅल्शियमची वाट अडवतात. पण दोन्हींत स्वादुपिंडातून इन्शुलिन पुरेसं सुटत नाही, रक्तात साखर चढते आणि हृदय मात्र उपाशी. म्हणूनच रक्तदाब कोसळलेला आणि साखर चढलेली दिसली, की या गोळ्यांचा संशय घ्यावा. रक्तदाबाच्याच दुसऱ्या गटातल्या बीटा-ब्लॉकर गोळ्यांच्या विषबाधेत साखर सहसा चढत नाही.

मूर्तींच्या मताला तगडा पर्याय होता महाडचा. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये विंचूदंशावर प्राझोसिन मांडलं. ती तोंडाने घ्यायची गोळी. खेड्यातल्या दवाखान्यातही देता येते. इन्शुलिनला सलाईन हवं, साखरेची वारंवार तपासणी हवी. प्राझोसिन रुजलं, आणि ते योग्यच झालं.

कुणी म्हणेल, मूळ पुरुष मेक्सिकोचे सोदी-पायारेस; १९६२ सालीच त्यांनी हृदयविकाराच्या झटक्यात ग्लुकोज-इन्शुलिन-पोटॅशियम वापरलं. मान्य. क्लाइन यांनी मुंबईकडून काही उचललं, असाही माझा दावा नाही. पण ते हृदयविकाराचं घराणं; विषाने खचलेल्या हृदयाला इन्शुलिन देण्याची शाखा क्लाइन यांच्या आधी मुंबईत फुटली होती. पाठ्यपुस्तकातल्या, या गोळ्यांच्या विषबाधेवरच्या प्रकरणात मूर्तींचं नाव यायलाच हवं.