बर्फावरची निळी ज्योत

स्वीडनच्या उत्तर भागात हिवाळ्यात तळी गोठतात आणि माणसं त्यांच्यावर चालत जाऊन मासेमारी करतात. घट्ट, पारदर्शक बर्फ निदान 10 सेंटिमीटर जाड असल्याशिवाय त्यावर पाऊल टाकू नये, हा तिथला दंडक. हातगिरमिटानं बर्फाला भोक पाडायचं, आखूड काठीचा गळ आत सोडायचा आणि मासा लागेपर्यंत बसून राहायचं. पारा उणे 15 अंशांवर असताना हे तासन्‌तास बसणं निभतं ते शेजारी पेटलेल्या स्टोव्हमुळं. बर्फावर न्यायचा हा स्टोव्ह कोणता असावा, याचं उत्तर शोधता शोधता त्याचं अख्खं कूळ घडलं, आणि त्या कुळाची एक शाखा थेट मुंबईच्या चाळींत येऊन स्थिरावली.

आधीचे रॉकेलचे स्टोव्ह वातीचे होते. वात तेल शोषते आणि वर जाळते. ज्योत पिवळी, भांड्याला काजळी, उष्णता बेताची. कार्ल रिचर्ड न्यूबर्ग या स्वीडिश कारागिरानं 1882च्या सुमारास ब्लो लॅम्प बनवला. त्यात इंधन आधी तापून वायुरूप होतं आणि मग जोरानं पेटतं. हीच युक्ती स्वयंपाकाला वापरायचं काम फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टनं केलं. स्टॉकहोममध्ये दुधातली साय वेगळी काढणारी यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात तो कामाला होता. 1892 साली त्याचा वात नसलेला स्टोव्ह बाजारात आला, नाव प्रायमस.

त्याची रचना आपल्याकडच्या जुन्या पिढीला हातांनीच आठवेल. खाली पितळी टाकी, बाजूला पंप, वर बर्नर आणि बर्नरच्या बुडाशी स्पिरिटची वाटी. स्पिरिट जळून बर्नर तापतो. मग पंप मारला की हवेच्या दाबानं रॉकेल नळीतून वर चढतं, तापलेल्या वळशात त्याची वाफ होते आणि ती बारीक भोकातून हवेत मिसळून निळी पेटते. पुढं ज्योतच बर्नर तापता ठेवते. घाई करून थंड बर्नरवर पंप मारला, तर कच्चं रॉकेल बाहेर येऊन पिवळा भडका उडतो.

या निळ्या ज्योतीची गरज सर्वांत आधी ध्रुवाकडं निघालेल्यांना होती. फ्रिडजोफ नान्सेन 1888मध्ये ग्रीनलँड ओलांडताना स्पिरिटचा स्टोव्ह घेऊन गेला होता. 14 मार्च 1895 रोजी ‘फ्राम’ जहाज सोडून तो आणि यालमार योहानसेन गोठलेल्या समुद्रावरून उत्तरेकडं निघाले, तेव्हा घसरगाडीवर प्रायमस होता. त्यावर बसणारी भांडीही विचारपूर्वक केलेली: मध्ये शिजवायचं पातेलं, त्याच्याभोवती कड्यासारखं दुसरं भांडं आणि वर एक झाकणवजा तिसरं. पातेल्याला चाटून निघालेली ऊन हवा बाहेरच्या भांड्यांतला बर्फ वितळवूनच सुटायची. दोघं 86 अंश 14 मिनिटांपर्यंत पोहोचले. तोवर माणूस इतका उत्तरेला गेलेला नव्हता.

एवढा आटापिटा कशासाठी? बर्फच फार उष्णता खातो. शून्य अंशाचं एक किलो पाणी उकळीला आणायला सुमारे 420 किलोज्यूल लागतात. उणे 20 अंशांच्या बर्फाचं आधी पाणी करावं लागतं, त्यातच आणखी 375च्या आसपास जातात. म्हणजे प्रत्येक कप चहाला जवळजवळ दुप्पट इंधन. बर्फाच्या वाळवंटात पाणी रॉकेलमधून काढावं लागतं, असं म्हटलं तरी चालेल. दक्षिण ध्रुवावरून परतताना 1912मध्ये स्कॉटच्या तुकडीला ठेवींच्या जागी रॉकेलचे डबे अर्धवट रिकामे सापडले. बुचांखालची चामड्याची वायसरं थंडीत टिकली नव्हती. ध्रुवाच्या त्याच शर्यतीतल्या आमुंडसेननं आपले डबे झाळून पक्के बंद करून घेतले होते.

प्रायमसच्या पंपातलं वायसरही चामड्याचंच. ते सुकलं की पंप हवा धरत नाही. मुंबईत त्यावर तेलाचा थेंब सोडला की काम भागे. एका खोलीचं बिऱ्हाड, पलीकडं झोपलेलं मूल, धूर सोसणार नाही आणि रॉकेल रेशनचं. कमी इंधनात जोरकस, बिनधुराची आच हवी, हे मागणं ध्रुवावरच्या तंबूचं होतं, तेच चाळीतल्या खोलीचंही. म्हणून हा स्टोव्ह आपल्याकडं इतका रुजला. भोकात काजळी अडकल्यावर घालायची पिन, स्पिरिटमध्ये भिजवून बर्नरला लावायचा काकडा, भिंतीपलीकडं ऐकू जाणारा तो भर्र आवाज, हे सगळं मराठी घरांचं झालं. तिकडं बर्फावरही तोच कामी येत होता: एडमंड हिलरीनं 29 मे 1953च्या पहाटे एव्हरेस्टच्या शेवटच्या तळावर लाकडासारखे कडक झालेले बूट प्रायमसवरच धरून मऊ केले, आणि मग तो तेनसिंगबरोबर वर निघाला.

गोठलेल्या तळ्यावरचा मासेमार मात्र एका बाबतीत नान्सेनपेक्षा सुखी आहे. पाणी त्याच्या पायाशीच आहे. भोकातून भांडं भरलं की बर्फ वितळवायचा खर्च वाचतो. त्यामुळं दिवसभरापुरत्या मुक्कामाला त्याला भर्र करणारी आच लागतेच असं नाही. स्वीडनमधल्याच ट्रोंग्स्विकेन गावच्या ट्रांगिया कंपनीनं 1951मध्ये काढलेला स्पिरिटचा स्टोव्ह म्हणूनच तिथं घरोघर दिसतो. पंप नाही, पिन नाही, भोवती वारा अडवणारं पत्र्याचं कडं. किलोमागं स्पिरिटची उष्णता रॉकेलच्या दोन तृतीयांशांहूनही कमी, पण बिघडण्यासारखं त्यात काही नाही, आणि हातमोजे घालून स्टोव्ह हाताळणाऱ्याला हे फार मोलाचं आहे. कडाक्याच्या थंडीत स्पिरिट काडीला दाद देत नाही, कारण त्याची पुरेशी वाफच होत नाही. बाटली कोटाच्या आत अंगाशी ठेवली की ही अडचण बरीच कमी होते.

आजच्या गॅसच्या डब्यांचं दुखणं याहून बिकट. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाखाली उकळत नाही, म्हणजे वर येत नाही. आयसोब्युटेन उणे 12पर्यंत तग धरतो, प्रोपेन उणे 42पर्यंत. मिश्रणाच्या डब्यातून प्रोपेन आधी उडून जातो आणि डबा अर्धा भरलेला असतानाच ज्योत मलूल होते. डबा उलटा धरून द्रवरूप गॅस तापलेल्या नळीतून नेणारे स्टोव्ह याच कारणानं निघाले. म्हणजे पुन्हा लिंडक्विस्टचीच युक्ती. पंपाच्या स्टोव्हमध्येही सुधारणा झाली: सिएटलच्या लॅरी पेनबर्थीनं 1973मध्ये इंधनाची बाटली बर्नरपासून दूर करून पंप बाटलीलाच बसवला. गिर्यारोहक पुरेसं पाणी पीत नाहीत, कारण पुरेसा बर्फ वितळवत नाहीत, ही त्याची खरी काळजी होती.

तेव्हा एका दिवसाची मासेमारी असेल तर मी स्पिरिटचाच स्टोव्ह निवडेन. रात्रीचा मुक्काम, उणे 20 अंश आणि किनारा दूर असेल, तर रॉकेल किंवा पेट्रोलचा, दाबावर चालणारा. दोन्ही वेळा खाली लाकडी फळी हवीच, नाहीतर स्टोव्ह आपल्याच उष्णतेनं बर्फात खळगा करून कलंडतो. आणि वाऱ्यापासून आडोसा म्हणून तंबू उभारला, तर त्याचं तोंड उघडं ठेवून वरही झरोका ठेवायला हवा, कारण ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला ना रंग असतो, ना वास.