अम्रीचा बाप कोण?

हिब्रू धर्मग्रंथातील 'राजे' ही पुस्तके वाचताना 'अमक्याचा पुत्र अमका' या ठराविक साच्याची सवय होऊन जाते. राजा गादीवर आला की बापाचे नाव, किती वर्षे राज्य केले, परमेश्वराच्या दृष्टीने बरे केले की वाईट, आणि शेवटी पूर्वजांजवळ निजला. पण उत्तरेकडील इस्राएलच्या राज्यात दोन राजे असे आहेत की त्यांच्या बापाचे नाव ग्रंथ देतच नाही. जिम्री आणि अम्री. दोघेही सैन्यातून वर आलेले. जिम्रीने सात दिवस राज्य केले, तेव्हा त्याचे सोडून देऊ. अम्रीने मात्र बारा वर्षे राज्य केले, दोन किक्कार रुपे मोजून टेकडी विकत घेतली आणि तिच्यावर शोमरोन ही राजधानी वसवली. त्याची सारी कारकीर्द ग्रंथाने सहा ओव्यांत उरकली आहे.

बापाचे नाव नसलेला हा राजा बाहेरच्या जगाला मात्र चांगला ठाऊक होता. १८६८ साली धिबान येथे सापडलेल्या मवाबी राजा मेशाच्या शिलालेखात इस्राएलचा राजा अम्री याने मवाबला दीर्घकाळ पीडा दिल्याची नोंद आहे. अश्शूरी लेखनिक त्या राज्यालाच 'अम्रीचे घराणे' म्हणत. शल्मनेसेर तिसरा याच्या काळ्या स्तंभावर खंडणी देणाऱ्या येहूला 'अम्रीचा पुत्र' म्हटले आहे. आता हा येहू कोण? अम्रीच्या वंशातील माणसे शोधून शोधून ठार मारणारा! कापणाराच वंशज म्हणून दगडावर कोरला गेला. परक्या दरबारात गादी महत्त्वाची होती, रक्त नव्हे.

मग ग्रंथाने अम्रीला एवढे आखडते माप का घातले? 'राजे' ही पुस्तके दक्षिणेच्या, म्हणजे यहूदाच्या दृष्टीने सिद्ध झाली आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. यरुशलेमेत दाविदाचे एकच घराणे. १९९३ मध्ये तेल दान येथे सापडलेल्या अरामी शिलालेखात 'दाविदाचे घराणे' हे शब्द बहुतेक अभ्यासक वाचतात, तेव्हा ते घराणे निव्वळ कल्पित नव्हे. उत्तरेत मात्र सुमारे दोनशे वर्षांत एकोणीस राजे झाले आणि त्यांतल्या सात जणांचे खून झाले. यहूदाच्या लेखनिकाला यात केवळ पाप दिसते. पण उत्तरेचे राज्य वेगळे का झाले, ते त्याच ग्रंथात नोंदले गेले आहे. शलमोनाने लादलेली वेठ हलकी करा, असे लोकांनी रहबामास विनवले. त्याने नकार दिला. वेठीवरचा अधिकारी लोकांनी धोंडमार करून ठार केला आणि विधवेचा पुत्र यराबाम याला राजा केले. वंशावळ तुटली ती वेठबिगारीच्या प्रश्नावर! शिक्षकांनी ही गोष्ट वर्गात सांगावी, असे मला फार वाटते.

माझ्या घराण्याची वंशावळ आजोबांपाशी संपते. म्हणून की काय, अखंड वंशावळ दिसली की ती कोणी लिहिली आणि कोणाच्या सोयीची, हे मी आधी पाहतो. बाबासाहेबांनी 'शूद्र पूर्वी कोण होते?' या १९४६ च्या ग्रंथात शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचे प्रकरण तपासले, तेव्हा क्षत्रियत्व ठरवण्याचा अधिकार कोणाच्या हाती होता, याच प्रश्नावर बोट ठेवले होते.

दाविदाची वंशावळ तरी कितपत सोवळी आहे? अम्मोनी व मवाबी यांना दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही, असे 'अनुवाद' बजावतो. 'रूथ' या छोट्या पुस्तकाच्या शेवटी पेरेसापासून दाविदापर्यंत दहा नावे आहेत. त्यात बवाजाचा पुत्र ओबेद, ओबेदाचा इशाय, इशायाचा दावीद. ओबेदाची आई मवाबी रूथ. पेरेस तर यहूदाला सून तामार हिच्यापासून झालेला. शिवाय यहूदाच्या बहुतेक राजांच्या आईचे नाव ग्रंथ देतो, त्यामुळेच रहबामाची आई नामा ही अम्मोनी होती, हे आपल्याला कळते. दहाव्या पिढीचा नियम कडकपणे लावला असता तर दाविदालाच दाराबाहेर उभे राहावे लागले असते.

नियम लावला गेला तो इतरांना. बाबेलच्या बंदिवासातून लोक परतले तेव्हाची यादी 'एज्रा'च्या दुसऱ्या अध्यायात आहे. हबया, हक्कोस व बर्जिल्लय यांच्या वंशजांनी वंशावळीच्या नोंदीत आपली नावे शोधली; ती मिळाली नाहीत. त्यांना अशुद्ध ठरवून याजकपणातून काढले आणि परमपवित्र अन्न खाण्यास मनाई केली. त्याच यादीत परतणाऱ्यांच्या पुढाऱ्यांत पहिले नाव दाविदाच्या वंशातील जरुब्बाबेलचे आहे. 'एज्रा' त्याला शल्तीएलाचा पुत्र म्हणतो. 'पहिला इतिहास' याच्या तिसऱ्या अध्यायात तो पदायाचा पुत्र आहे. त्याची नोंद तपासायला कोणी मागितल्याचे ग्रंथात कुठेही नाही.